दातांचे प्रश्न : इम्प्लांटला कीड लागत नाही, मग रक्त का येते?

प्रश्न : मी गिरगावात राहते. वय ६३. सात वर्षांपूर्वी खालची डावी दाढ काढून तेथे इम्प्लांट बसवले आणि आजवर त्याने कधी त्रास दिला नाही. गेल्या दोन महिन्यांपासून ब्रश करताना त्या जागी थोडे रक्त दिसते. दुखत मात्र मुळीच नाही. धातूला कीड कुठून लागणार, उगाच घाबरू नकोस, असे माझ्या जाऊबाई म्हणतात. ज्यांनी इम्प्लांट बसवले ते डॉक्टर आता निवृत्त झाले आहेत. दुसऱ्या कोणाकडे जाण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि येत्या आठ-पंधरा दिवसांत जावे. आपल्या जाऊबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात रोवलेला टायटेनियम धातूचा खुंटा आणि त्यावर बसवलेली दातासारखी कॅप. त्या टायटेनियमला कीड लागत नाही आणि कॅपलाही लागत नाही. परंतु ते टायटेनियम ज्या हाडात रोवलेले आहे ते हाड आणि ज्या हिरडीतून ते वर आलेले आहे ती हिरडी आपलीच आहे, आणि दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर नैसर्गिक दात आणि बसवलेला दात असा भेद करत नाही.

उलट, इम्प्लांटभोवतीची हिरडी थोडी अधिक नाजूकच म्हणावी लागेल. नैसर्गिक दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंच्या मध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, त्यातून रक्तपुरवठा होतो, मज्जातंतू येतात, आणि वरच्या बाजूला हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला हा पडदा नसतो, कारण हाड थेट टायटेनियमशी जुळून आलेले असते. हिरडीचे तंतू त्यात रुतत नाहीत, ते त्याच्या बाजूने किंवा भोवती वेढा देऊन उभे राहतात. एक काठ शिवून टाकलेला आणि दुसरा नुसता खोचलेला, एवढा हा फरक आहे. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला तेथे अडथळा कमी असतो. न दुखण्याचा अर्थ सारे आलबेल आहे असा घेऊ नये. हा आजार बहुतेक वेळा न दुखताच वाढतो आणि वेदना, पू किंवा इम्प्लांट हलणे ही लक्षणे दिसेपर्यंत बरेच हाड गेलेले असते. रक्त हीच येथली पहिली सूचना.

या सूचनेचे दोन अर्थ होऊ शकतात. सूज केवळ हिरडीपुरती असेल, तर नीट स्वच्छता केल्यावर ती उतरते आणि हिरडी बहुधा पूर्ववत होते. सूज खाली उतरून हाड झिजू लागले असेल, तर उपचार लांबतो, कधी हिरडी उघडून आत साफ करावे लागते, आणि गेलेले हाड पूर्ण भरून येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आपण यांपैकी कोणत्या पायरीवर आहात हे आरशात पाहून कळत नाही. डॉक्टर बारीक मोजपट्टी हिरडीच्या कडेने हलकेच आत घालून खोली पाहतील, रक्त किंवा पू येतो का ते पाहतील आणि एक्स-रे काढतील. हा एक्स-रे कॅप बसवली त्या वेळच्या एक्स-रेशी ताडून पाहिला, तरच हाड किती उतरले ते समजते. म्हणून जुन्या डॉक्टरांकडून आपली फाइल अवश्य मागून घ्यावी. तीत इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, त्याचा व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो, किंवा असायला हवा. कॅप धरून ठेवणारा स्क्रू आणि तो फिरवण्याची चावी प्रत्येक कंपनीची वेगळी असल्यामुळे, ही माहिती नसेल तर नव्या डॉक्टरांचा निम्मा वेळ शोधाशोधीत जातो. आपण लग्नाच्या साडीची पावती वर्षानुवर्षे जपतो आणि हा कागद मात्र हरवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल, तर हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेला आहे का, हेही विचारावे. एवढासा कण कित्येक वर्षांनी सूज आणू शकतो. कॅपचा आकार इतका फुगीर असेल की खाली ब्रश पोहोचतच नाही, तर दोष आपल्या हाताचा नसून कॅपचा आहे, आणि ती बदलावी लागू शकते. साफसफाईसाठी टायटेनियमवर ओरखडे न पाडणारी खास अवजारे किंवा बारीक पावडरचा फवारा वापरतात. केवळ गुळण्यांचे औषध लिहून देऊन कोणी बोळवण केली, तर मी ते पुरेसे मानणार नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या थोडे दिवस उपयोगी पडतात. महिनोन् महिने घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बिघडते.

तोवर घरी एक गोष्ट करू नये : रक्त येते म्हणून तेथे ब्रश करणे थांबवू नये. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून, जोर न लावता फिरवावा. शेजारच्या दाताच्या फटीत मावेल त्या मापाचा, तारेवर प्लास्टिकचे आवरण असलेला छोटा ब्रश रोज रात्री घालावा. मिश्री, कोळशाची पूड आणि खरखरीत दंतमंजन टाळावे. पेरूची बी किंवा आंब्याची शीर अडकली की सेफ्टी पिनने कोरण्याची आपली जुनी सवय तर येथे सर्वांत वाईट.

इम्प्लांटबद्दल मनात धास्ती मात्र बाळगू नये. हाड टायटेनियमशी जुळते हे स्वीडनचे संशोधक पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. त्या रुग्णाचे २००६ मध्ये निधन झाले, तोवर त्याचे इम्प्लांट चालू होते.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत, आम्ही मुलुंडला राहतो. त्यांच्या खालच्या कवळीला आधार म्हणून दोन इम्प्लांट बसवले आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि हात थरथरतो. त्यांची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : कवळी रोज रात्री काढून मऊ ब्रशने व साध्या साबणाने धुवावी आणि पाण्यात ठेवावी. त्यानंतर इम्प्लांटची जी दोन बटणे हिरडीतून वर आलेली असतात, त्यांच्याभोवती सर्व बाजूंनी ब्रश फिरवायचा असतो, आणि नेमके तेच राहून जाते, कारण घरच्यांचे सारे लक्ष कवळी धुण्याकडे असते. थरथरत्या हाताला जाड मुठीचा किंवा बॅटरीवर चालणारा ब्रश सोपा जातो. तेही जमत नसेल, तर दिवसातून एकदा आपण स्वतः किंवा त्यांना सांभाळणाऱ्या बाईंनी ते करावे. वडिलांना संकोच वाटेल, पण अंघोळीला मदत घेणाऱ्या माणसाने यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कवळी सैल वाटू लागली, तर ती घट्ट करणारी पावडर लावत बसू नये; कवळीच्या आत त्या बटणांना धरून ठेवणाऱ्या नायलॉनच्या चकत्या बहुधा झिजलेल्या असतात आणि त्या थोड्या वेळात बदलून मिळतात.

मधुमेह असूनही इम्प्लांट चांगले टिकते, मात्र साखर आटोक्यात असावी लागते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, अहवाल दर वेळी दंतवैद्यांनाही दाखवावा. वडिलांना हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्या औषधांवर असताना जबड्यात काही कापाकापी करण्यापूर्वी वेगळा विचार करावा लागतो. तपासणी दर तीन ते चार महिन्यांनी व्हावी. खर्चाची अडचण असल्यास मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी.

प्रश्न : पाण्याचा फवारा मारणारे यंत्र घेतले, तर फटीतला ब्रश बंद करता येईल का?

उत्तर : नाही. फवाऱ्याने अन्नाचे कण निघतात. चिकटून बसलेला थर निघायला घासावेच लागते. दोन्ही करणार असाल तर उत्तम.

प्रश्न : मी लालबागचा, वय ४८. वरच्या इम्प्लांटची कॅप आठवड्यापासून किंचित हलते. दुखत नाही. रात्री दात खातो, असे पत्नी सांगते. तंबाखूही आहे. गणपतीनंतर दाखवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. बहुतेक वेळा अशा वेळी इम्प्लांट जागेवर घट्ट असते आणि कॅप धरून ठेवणारा स्क्रू सैल झालेला असतो. आज तो काही मिनिटांत आवळता येईल. तसाच चावत राहिलात तर तो आत मोडेल आणि मोडलेला तुकडा काढणे फार किचकट होते. तोवर त्या बाजूने खाऊ नये आणि बाजारातला गोंद लावून कॅप घरी चिकटवू नये. स्क्रू घट्ट असूनही हालचाल राहिली, तर इम्प्लांटच हाडातून सुटले असण्याची शक्यता आहे. हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. दात खाण्यावर रात्री घालायची प्लास्टिकची पट्टी करून मिळते. इम्प्लांटला तो तंतूंचा पडदा नसल्यामुळे दाब किती पडतो आहे हे आपल्याला नैसर्गिक दाताइतके जाणवत नाही, म्हणून ही पट्टी आपल्यासाठी चैन नव्हे. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, तेव्हा रक्त येत नाही म्हणून हिरडी निरोगी आहे असा निष्कर्ष आपल्या बाबतीत काढता येणार नाही. एक्स-रे याच भेटीत काढून घ्यावा.