पेल्विक इन्फेक्शनचा (गर्भाशय, गर्भनलिका यांच्या जंतुसंसर्गाचा) १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स चौथ्या दिवशी थांबवला तर चालेल का?

नका थांबवू. मी थांबवला होता, पाचव्या दिवशी. महिनाभरात तेच दुखणं परत आलं, आणि या वेळी तापासकट.

तुम्ही लिहिलंय की ओटीपोटातलं दुखणं जवळजवळ गेलंय, पण मळमळ आणि तोंडाची चव यांनी जीव नकोसा झालाय. शिवाय सासूबाई विचारतात, एवढ्या कसल्या गोळ्या? माझंही डिट्टो हेच होतं. दुखणं तीन-चार दिवसांत उतरतं, उतरायलाच हवं. पण म्हणून आतले जंतू गेलेले नसतात. गर्भनलिकांत सूज रेंगाळली की तिथे व्रण राहतात आणि पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर दोन नळ्या काढून समजावलं, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

बहुतेकींना असते तशी मलाही एका इंजेक्शननंतर डॉक्सीसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल ही जंतू मारणारी औषधं होती, दोन्ही दिवसातून दोनदा. म्हणजे प्रत्येकी २८ गोळ्या. मोजून घ्या, कारण आमच्या केमिस्टने पहिल्यांदा "सध्या पाच दिवसांच्या देऊ का?" असं विचारलं आणि मी खुशाल हो म्हटलं.

डॉक्सीने मला चांगलीच अद्दल घडवली. भांडुपच्या प्लॅटफॉर्मवर कॅप्सूल तोंडात टाकली, बाटलीच्या तळाशी उरलेले दोन घोट प्यायले आणि आलेल्या लोकलमध्ये घुसले. घाटकोपर येईपर्यंत छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं. पुढचे दोन दिवस वरणभातसुद्धा गिळताना टोचायचा. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळली होती. त्यानंतर एकच शिस्त पाळली: घरी, पोटभर नाश्त्यानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची गोळी झोपताना घेत होते, ती आठच्या जेवणाबरोबर आणली. दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अॅसिडिटीचं औषध हे सगळं दोन-तीन तास लांब ठेवलं, कारण त्यांनी डॉक्सी अंगी कमी लागते. सकाळचा चहा ऑफिसात पोचल्यावर. हे सर्वांत अवघड गेलं, खोटं कशाला बोलू! उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून छत्रीही वापरायचे.

ती घाण चव मेट्रोनिडॅझोलची. तोंडात दिवसभर जुनं नाणं धरल्यासारखं. कोर्स संपेपर्यंत ती पूर्ण जात नाही, पण लिंबू पिळलेले पोहे आणि आवळ्याच्या फोडी यांवर मी दिवस काढले. लघवी गडद, तपकिरी झाली तर घाबरू नका, मी रक्त समजून रडले होते. दारूचा थेंबही नको, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, बाटलीवर वाचा.

सासूबाईंना मी "पोटात इन्फेक्शन आहे, चौदा दिवस चुकवायचं नाही" एवढंच सांगितलं. खोटं नाहीच ते. गुरुवारी उपाशीपोटी गोळी घेऊन दादरला उतरल्या उतरल्या उलटी झाली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुझा उपास मी करते, तू भाकरी खा."

खरा तिढा नवऱ्याचा होता. त्रास नसला तरी त्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर जंतू परत आपल्याकडेच. "मला काय झालंय?" म्हणून तो दोन दिवस फुगून बसला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की असे जंतू कित्येक महिने काही न दाखवता अंगात राहू शकतात, आणि प्रत्येक वेळी हे संबंधांतूनच येतं असंही नाही, त्यामुळे कोणी कोणावर संशय घ्यायचं कारण नाही. मग त्याने गोळ्या घेतल्या. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद. पहिल्या वेळी त्याने काहीच घेतलं नव्हतं. तेव्हा माझं दुखणं अर्धवट कोर्समुळे उलटलं की त्याच्यामुळे, देव जाणे.

पैशांची अडचण असेल तर मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएम, सायन, नायर, इथे अशाच संसर्गांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी गुप्त आणि औषध फुकट.

तीन दिवसांत दुखणं कमीच झालं नसतं, तर मी तुम्हाला आजच्या आज जा म्हटलं असतं. आताही ताप चढला, एका बाजूला जोरात कळ आली, चक्कर आली, अंगावर पुरळ उठलं किंवा गोळी पोटात टिकतच नसेल तर थांबू नका, रात्र असली तरी. पाळी चुकली असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा, गरोदरपणात डॉक्सी सहसा देत नाहीत.

आणि नुसती मळमळ असेल तर उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा. मला जेवणाआधी घ्यायची उलटीची एक छोटी गोळी लिहून दिली होती, दुसऱ्या वेळच्या कोर्समध्ये, सहाव्या दिवशी. पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.