आई-बाबा नैरोबीला माझ्या भावाकडे जाणार आहेत. दोघंही सत्तरीचे. त्यांना केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात प्राणी अगदी जवळून बघायला मिळतील का आणि ते त्यांना झेपेल का?

प्राणी मिळतील, त्याची काळजी नको. पण तुम्ही लिहिलेला बेत, ऑगस्टमध्ये सलग पाच दिवस मसाई मारा, मला मुळीच पटलेला नाही. आमची लेक आणि जावई नैरोबीतच असतात, आम्ही दोघं त्यांच्याकडे राहून आलोय. एका खेपेला आमचे व्याही-विहीणही तेव्हाच आले होते. त्यांनाही प्राणी अगदी जवळून बघायचे होते. त्यावरून मारात जे झालं, त्याचा वाद आमच्या दोन घरांत अजून मिटलेला नाही.

सकाळची वेळ होती. वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली गवतात तिची पिल्लं. समोर गॅझेल हरणांचा कळप चरत होता आणि मादीची नजर कळपावरून हलत नव्हती. आमच्या ड्रायव्हरने गाडी लांबच बंद केली आणि समजावून सांगितलं: सिंह आणि तरस यांची गाठ टाळायला चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. त्याचं सगळं बळ वेगात. मारलेलं जनावर तरसांनी हिसकावलं तरी तो भांडत नाही, सोडून देतो. म्हणून प्रत्येक शिकार त्याला मोलाची असते, पिल्लं असतील तर जास्तच.

मग वायरलेसवर बातमी पसरली आणि चहूबाजूंनी गाड्या आल्या. तिथले नियम स्पष्ट आहेत. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, किमान २५ मीटर अंतर हवं, वाट सोडून गवतात शिरायचं नाही. ते बाकी कोणीही पाळत नव्हतं. व्याही मागच्या सीटवरून ड्रायव्हरला म्हणू लागले, अजून पुढे घ्या. तो घेईना, तेव्हा त्यांनी नोटा काढून त्याच्यापुढे धरल्या. ड्रायव्हरची दोन्हीकडून अडचण. रेंजरने धरलं तर त्याला दंड, आणि पाहुणे नाराज झाले तर टिप तर गेलीच, वर मालकाकडे तक्रार.

लेकीच्या सासऱ्यांना चारचौघांत अडवणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी अडवलं. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी हलवायची नाही, आणि व्याह्यांना म्हटलं, पैसे खिशात ठेवा. जावई खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या ह्यांनी मला खूण केली, पुरे आता. आमची गाडी हलली नाही. दुसऱ्या दोन हलल्या आणि नेमक्या मादीच्या आणि कळपाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हरणं उधळली. मादी उतरली आणि पिल्लांना घेऊन उंच गवतात निघून गेली.

व्याह्यांचं म्हणणं असं: एवढे पैसे घालून आलो, आपल्या देशातला मूळचा चित्ता केव्हाच संपला, या वयात पुन्हा येणं व्हायचं नाही. आणि आपण पुढे न जाऊन उपयोग काय झाला, बाकीचे गेलेच ना? पहिलं मला कळतं, त्यांची हौस खरी होती. शेवटचं मी आजही मान्य करत नाही. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीच्या एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं जगून स्वतंत्र झाली आणि कमी वर्दळीच्या भागात २.३. दहापटीहून जास्त फरक आहे हा. तो प्रत्येक गाडीने मिळूनच घडवलेला आहे, त्यामुळे आपली एक गाडी मागे राहिली तर फरक पडतोच. पुढच्या दिवाळीला व्याही आले की हे आकडे मी त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

म्हणून आई-बाबांना केनियातल्याच अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात न्या. नैरोबीहून मोटारीने साधारण चार तास. किलिमांजारो पर्वताचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे दलदली झाल्या आहेत आणि हत्ती रोज सकाळी कोरड्या माळावरून रस्ता ओलांडून तिकडे चरायला जातात. १९७२ पासून या हत्तींचा सलग अभ्यास चालू आहे, गाड्यांची त्यांना सवय आहे. आपण रस्त्यावर गाडी बंद करून बसायचं, बस्स. आमच्या पुढून आणि मागून कळप गेला. एक हत्तीण तर विहीणबाईंच्या खिडकीला लागून गेली. तिच्या कातडीवरच्या भेगांतला सुकलेला चिखल दिसत होता, आणि तिचा तो खोल घुमणारा आवाज कानांआधी छातीला जाणवला. विहीणबाईंनी हात जोडले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. कोणाला नोटा द्याव्या लागल्या नाहीत. व्याही मात्र तेव्हा नैरोबीत घरी झोपून होते, कारण माराच्या धक्क्यांनी त्यांची पाठ धरली होती. झेपेल का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

तेवढंही नको असेल तर नैरोबी नॅशनल पार्क शहराला लागून आहे, ११७ चौरस किलोमीटर, १९४६ पासूनचं. सिंह, काळे गेंडे, जिराफ सगळे आहेत. हत्ती नाहीत, पण हत्तींच्या अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र पार्कला लागूनच आहे. ते रोज सकाळी ११ ते १२ उघडं असतं, नोंदणी आधी करावी लागते. नैरोबीतल्याच लँगाटा भागातल्या जिराफ केंद्रात उंच ओट्यावरून जिराफाला हाताने खाऊ घालता येतं. गुडघे दुखणाऱ्यांना याहून जवळ काय हवं?

मारा वाईट आहे असं मी म्हणत नाही. जायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, दोन रात्री पुरेत. वाइल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) मोठे कळप तेव्हा शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात, पण गर्दीही कमी असते आणि प्रवेश शुल्क निम्मं. २०२४ पासून परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर पडतात, जानेवारी ते जून १००. भाऊ तिथे राहतो म्हणून आई-बाबांना रहिवाशांचा दर मिळत नाही. आणि निघण्यापूर्वीच भावाला ड्रायव्हरशी बोलायला सांगा: शिकारीच्या वेळी गाडी मागे ठेवलीत तर टिप वाढवून देऊ.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस तुम्ही विचारली नाहीत, पण प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. साठीनंतर तिचे दुष्परिणाम होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा तारीख घेण्याआधी आई-बाबांच्या डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत.