१९६६ ची फोर्ड मस्टँग वळणांवर चांगली पळावी म्हणून आधी इंजिन बदलावं का?

नाही. तिचं २८९ घनइंची व्ही-८ इंजिन धडधाकट असेल तर त्याला सध्या हातही लावू नका. सुरुवात ब्रेकपासून करा.

त्या काळी बहुतेक मस्टँगना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. जळका वास येतो तो वेगळाच. पुढे डिस्क बसवा आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) दोन सर्किटचा घ्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळा. १९६६ पर्यंत एकच सर्किट होतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला! माझ्या मते हे काम ऐच्छिक नाहीच.

मग सस्पेन्शन. इथे अमेरिकन रेसर आणि गाड्या बनवणारा कॅरोल शेल्बी याच्या १९६५ च्या जीटी-३५० ची (मस्टँगवरून केलेल्या रेसिंग ढंगाच्या गाडीची) युक्ती आजही सगळ्यात स्वस्त आणि सरस आहे: वरचा कंट्रोल आर्म (पुढचं चाक गाडीला जोडणारा दांडा) बॉडीला जिथे बोल्टने बसतो, ती बॉडीतली भोकं साधारण १ इंच खाली पाडायची. गाडी वळणात कलली तरी बाहेरचं पुढचं चाक बरंच उभं राहतं, टायर रस्ता धरून ठेवतो. टेम्प्लेट लावून नीट मोजूनच ड्रिल चालवा. स्प्रिंग त्याच आर्मवर बसते, तेव्हा चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय) ती काढायला जाऊ नका. सुटली तर हात जाईल.

सोबत जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी सळई) आणि चांगले रेडियल टायर घ्या. शेवटी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, पण १९६६ च्या कारखान्याच्या आकड्यांवर नको. ते त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी होते.