रात्री विचार थांबतच नाहीत, मन शांत कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की अंथरुणावर पडलं की दिवसभरातली बोलणी, भांडणं डोक्यात फिरत राहतात, ध्यानाचं ॲप महिनाभर वापरूनही विचार थांबले नाहीत, आणि सकाळी ऑफिस असल्यामुळे ‘मन शांत व्हायलाच हवं’. त्या शेवटच्या वाक्यातल्या ‘च’कडे मी नंतर येते.

मी मानसशास्त्र शिकलेली नाही. पुण्यात एका कंपनीत हिशेब बघते, वय त्रेपन्न. पण दीड वर्ष रात्री दोन ते चार छताकडे बघत काढली आहेत, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

वडील गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. सदाशिव पेठेतला आमचा फ्लॅट रिडेव्हलपमेंटला जाणार होता, ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हणाला. मी सही केली नाही, भांडलेही नाही. भांडण घरी येऊन सुरू झालं, एकटीचंच. रोज रात्री मी दादाला नवीन मुद्दे ऐकवायची, तो डोक्यात उत्तरं द्यायचा, आणि गंमत म्हणजे तिथेही तोच जिंकायचा.

विचार दाबायचा प्रयत्न अर्थातच केला. आपल्याकडे वैद्याची गोष्ट आहे ना, औषध घेताना माकड आठवू नका म्हणणाऱ्या? तसाच प्रयोग डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला होता, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर, पहिल्यापासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा या दाबून ठेवलेल्यांनाच अस्वल जास्त आठवलं. माझं अस्वल म्हणजे तो कागद.

मग इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास. मला वाटलं होतं मन धुऊन निघेल. सहाव्या दिवशी दादा मांडी घालून शेजारी बसल्यासारखा दिवसभर सोबत होता! पण एक गोष्ट तिथे कळली, ती आज पर्वतीवर वापरते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. चढताना मी त्या मोजते, आणि चाळीसच्या आसपास हमखास चुकते, कारण मन घरी जाऊन आलेलं असतं. पूर्वी स्वतःवर चिडायची. आता कळलंय की ‘अरे, आकडा सुटला’ हे लक्षात येणं हाच सराव आहे. पुन्हा एकपासून. तुम्ही ॲप लावून डोळे मिटल्यावर विचार दिसले, म्हणजे ध्यान बिघडलं नव्हतं, चाललं होतं. (शिबिराचा सल्ला मात्र सरसकट देणार नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते खरं खरं लिहावं.)

तरी खरा फरक पडला तो समुपदेशक बाईंकडे. त्यांनी मला रात्रीचं भांडण वहीत शब्दशः लिहून आणायला सांगितलं. लिहिलं : ‘दादाने आधी विचारायलाच हवं होतं. आईने माझी बाजू घ्यायलाच हवी होती. सख्ख्या भावाने असं वागूच नये.’ बाईंनी लाल पेनाने फक्त तीन ‘च’ गोल केले. म्हणाल्या, इच्छा तुमची रास्त आहे, ‘च’ लागला की तिचा हुकूम होतो. आणि हुकूम मोडला गेला की राग येतो. ही अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. घटना सरळ भावना देत नाही, मध्ये आपला आग्रह बसलेला असतो. इंग्रजीत एलिस ‘मस्ट’च्या मागे लागले होते; मराठीत एका अक्षरात काम होतं.

‘दादाने आधी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.’ हे वाक्य लिहिल्यावर मी बराच वेळ रडले. राग होता तिथे दुःख निघालं. दुःखाने निदान झोप तरी येते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं गिळायचं का? अजिबात नाही. ‘च’ सोडला म्हणजे हक्क सोडला असं नाही. वकिलांना भेटले. मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आईचा, मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा असतो, हे शांतपणे ऐकू शकले ते ‘च’ उतरल्यावरच.

तुमच्यासाठी एवढंच सुचवते : संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून त्या भांडणाला द्या, वही घेऊन, अंथरुणावर नाही. रात्री विचार आला की त्याला उद्याची वेळ द्या. आणि ‘मन शांत व्हायलाच हवं’ यातला ‘च’ आधी काढा, कारण झोपेला धाक घातला की ती पळते. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर थांबू नका, डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

भाऊबीजेला दादा आला होता. ओवाळताना डोक्यात जुना संवाद सुरू झालाच, खोटं कशाला बोलू. त्याने ताटात पाकीट ठेवलं, मी करंज्यांचा डबा दिला. हक्कसोडपत्र बिनसहीचं माझ्या कपाटात आहे, लाइट बिलांच्या फायलीखाली.