राष्ट्रीय उद्यानाला सगळीकडून कुंपण घातलं, तर वाघ सुरक्षित राहतील ना?

नाही. उलट कोंडले जातील. वयात आलेल्या वाघाला स्वतःचा इलाखा शोधायला बाहेर पडावंच लागतं, आणि ती वाट शेतं, कालवे, रस्ते ओलांडूनच जाते. म्हणून जंगलाइतकाच जंगलांना जोडणारा पट्टा, म्हणजे कॉरिडॉर, जपायला हवा.

पेंचचं उदाहरण बघा. नागपूर-जबलपूर महामार्ग (एनएच ४४) तिथल्या जंगलातून जातो. रुंदीकरणाच्या वेळी वन्यजीवप्रेमी कोर्टात गेले, बरीच वर्षं भांडले, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखालून ९ मार्ग झाले. सर्वांत लांब ७५० मीटरचा. वरून ट्रक धडधडत असतात आणि खाली खांबांमधून चितळांचा कळप जातो, मागाहून वाघही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत हे टिपलं गेलंय. मला हे फार मोलाचं वाटतं. खर्च झाला, पण जीव वाचले.

विदर्भात दुसरं मोठं दुखणं म्हणजे रानडुकरांपासून पीक वाचवायला तारेत सोडलेला थेट करंट. त्यात वाघही मरतात, माणसंही. हलका झटका देणारं सौरकुंपण आणि पीकनुकसानीची भरपाई वेळेवर, एवढं शेतकऱ्याला मिळायलाच हवं. रात्रभर जागल करणाऱ्याला नुसता उपदेश कसा पुरणार?