आगाखान पॅलेस: आई-बाबांना घेऊन जावं का?

नक्की जा, पण अर्ध्या तासात उरकू नका. दोन तास हाताशी ठेवा आणि सकाळीच निघा. पुण्यात नगर रोडवर आहे, कल्याणीनगर मेट्रो स्थानक जवळ पडतं.

दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिसऱ्या आगाखानांनी (इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू) हा वाडा 1892 मध्ये बांधून घेतला. इटालियन धाटणीच्या कमानी, रुंद व्हरांडा, समोर मोठी हिरवळ. गांधीजी, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई इथे ऑगस्ट 1942 पासून स्थानबद्ध होते. आतल्या तसबिरी बघाच, पण माझा जीव गुंततो तो मागच्या बागेत. तिथे महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत. महादेवभाई अटकेनंतर सहाव्याच दिवशी गेले, 15 ऑगस्टला. वय अवघं पन्नास. (ज्या वर्षी वाडा उभा राहिला, त्याच वर्षी त्यांचा जन्म!) गांधीजी तिथे रोज फुलं वाहायला जायचे. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबाही याच वाड्यात गेल्या. दोन समाध्या शेजारी-शेजारी पाहताना माझी आई बराच वेळ काही बोललीच नव्हती.

चालणं बरंच होतं, तेव्हा आई-बाबांना मध्ये झाडाखाली टेकू द्या. पाण्याची बाटली घरूनच न्या.