नव्वद टक्के स्रोतांना तारा मिळाला? मग जरा थांबा

एका तारकागुच्छाचे सदस्य ओळखायला तुम्ही एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या डेटात क्ष-किरण स्रोत शोधले, प्रत्येकाभोवती सहा आर्कसेकंद त्रिज्येचं वर्तुळ टाकलं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), नव्वद टक्क्यांना गाया यानाच्या ताऱ्यांच्या यादीत तारा मिळाला, पण रंग-तेजस्विता आलेखावर, जिथे एका गुच्छाचे तारे एका पट्ट्यात यायला हवेत, ते कुठेही विखुरलेत... तुमचं हे वाचून पोटात गोळाच आला. माझं पीएचडीचं दुसरं वर्ष असंच गेलं. तेव्हा गायाची यादी नव्हती, २मास या अवरक्त आकाश-सर्वेक्षणाची होती, एवढाच फरक.

डेटा रिडक्शन, म्हणजे कच्च्या डेटाची साफसफाई, तुम्ही नीट केलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझा गुच्छही तुमच्यासारखाच आकाशगंगेच्या पट्ट्यात, ययाती तारकासमूहात, दोन किलोपार्सेकपलीकडे (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं). त्रिज्या मोठी घेतली, कारण एक्सएमएममध्ये एका स्रोताचा उमटणारा ठिपका मुळात पसरट, आणि एकही सदस्य निसटू नये ही हाव. हिशेब मात्र केला नाही. एका चौरस आर्कमिनिटात ३० तारे धरा. सहा आर्कसेकंदांच्या वर्तुळात सरासरी जवळजवळ एक तारा निव्वळ योगायोगानं येऊन बसतो. त्रिज्या दोन केली की हाच आकडा ०.१ होतो.

त्यात गुच्छामागच्या दूरच्या दीर्घिकांची सक्रिय केंद्रकं, म्हणजे कृष्णविवरामुळे क्ष-किरणांत झळकणारे त्यांचे मध्य. त्यांचे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण धुळीतून आरपार येतात, दृश्य प्रकाश मात्र इतका मंदावतो की गायाला त्या बहुधा दिसतच नाहीत. मग वर्तुळात जो तारा सापडेल तो फुकटचा धनी ठरतो.

अशा उसन्या ताऱ्यांवर मी वस्तुमान विरुद्ध क्ष-किरण तेजाचा आलेख काढला, उतार मोजला, परिषदेत पोस्टर लावलं, लोकांनी मानाही डोलावल्या. पेपर पाठवल्यावर तो तपासणाऱ्या रेफरीनं एवढंच विचारलं, की सगळे स्रोत तीस आर्कसेकंद सरकवून पुन्हा जुळवून पाहिलेत का. पाहिले. रिकाम्या जागांनाही निम्म्याहून जास्त वेळा तारा मिळाला. पंधरा मिनिटांचं काम, दीड वर्ष आधी करायला हवं होतं. माझ्या गटात कुणीच ते सुचवलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

तेव्हा आधी सरकवून बघा. मग ठळक, निर्विवाद जोड्या घेऊन क्ष-किरणांचं संपूर्ण फील्ड गायाच्या स्थानांपेक्षा मुळातच किती सरकलंय ते काढा आणि दुरुस्त करा. त्यानंतर त्रिज्या प्रत्येक स्रोताच्या स्थाननिश्चितीच्या त्रुटीप्रमाणे ठरवा, सरसकट नको. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीचं निरीक्षण अर्काइव्हमध्ये असेल तर माझ्या मते गुच्छाच्या गर्दीच्या भागासाठी सरळ तेच वापरा. दृष्टिक्षेत्राच्या मध्याजवळ तिचा ठिपका अर्ध्या आर्कसेकंदाचा असतो, कडेला बिघडतो.

गायाच्या पॅरलॅक्सवर, म्हणजे ज्यावरून अंतर काढतात त्या ताऱ्याच्या भासमान सरकण्यावर, फार भिस्त ठेवू नका. २.३ किलोपार्सेकला तो ०.४३ मिलिआर्कसेकंद, आणि विसाव्या प्रतीच्या, म्हणजे फार मंद ताऱ्याची त्रुटीच साधारण ०.५. मंद ताऱ्यांसाठी निजगती (ताऱ्याचं आकाशात हळूहळू सरकणं) आणि आलेखावरची जागा एकत्र बघा. अर्थात तुमचा गुच्छ मी पाहिलेला नाही, तिथे धूळ असमान असेल तर आलेखही फसवतो.

जाता जाता: यादीत ए वर्गाचा (सूर्यापेक्षा तप्त, पांढरा) तारा क्ष-किरण देताना दिसला तर नवा शोध लागला म्हणून नाचू नका. त्याच्या बाहेरच्या थरात चुंबकीय करोना, म्हणजे क्ष-किरण देणारं अतितप्त बाह्य आवरण, पेटवण्याजोगं अभिसरण (वायूचं उकळल्यासारखं वर-खाली होणं) नसतं. बहुतेकदा शेजारी दडलेला कमी वस्तुमानाचा तरुण जोडीदार चमकत असतो. आणि जे सदस्य क्ष-किरणांत दिसलेच नाहीत त्यांच्या कमाल मर्यादा (त्यांचं तेज जास्तीत जास्त किती असू शकेल ते आकडे) टाकून देऊ नका. फक्त दिसलेल्यांची सरासरी घेतली तर इतक्या दूरचा गुच्छ नेहमीच जास्त तेजस्वी भासतो. हीही चूक मी केली आहे, पण ती पेपरच्या दुसऱ्या फेरीत, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

सरकवल्यावर किती जोड्या उरल्या तो आकडा कळवा. निम्म्यावर असेल तर आलेख सध्या कुणाला दाखवू नका.